हळूहळू होणारे नुकसान दूरचित्रवाणीच्या बातमीत चित्रांतून कसे सांगावे?

पेण_वार्ताहर

नमस्कार. मी एका मराठी वृत्तवाहिनीसाठी रायगड जिल्ह्यातून वार्तांकन करते. पूर्वी वृत्तपत्रात काम केल्यामुळे कागदपत्रे वाचणे, माणसांशी बोलणे आणि मजकूर लिहिणे यांचा सराव आहे. मात्र चित्रांतून बातमी सांगण्याची रीत अजून अंगवळणी पडलेली नाही, म्हणून येथील जाणत्यांचे मार्गदर्शन मागत आहे.

विषय पेण-अलिबागच्या खारेपाटाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्याचा आहे. धरमतर खाडीलगतची भातशेती खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधांच्या आधारावर टिकून आहे. बांधाला खांडी (भगदाडे) पडल्या किंवा उघाड्या, म्हणजे बांधातली पाणी सोडण्याची झडपेची दारे, नादुरुस्त झाल्या, की उधाणाचे पाणी शेतात शिरते आणि जमीन पिकेनाशी होते. शेत काही वर्षे पडीक राहिले की त्यात तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाला संरक्षण असल्यामुळे ती तोडता येत नाहीत, आणि सातबाऱ्यावर नाव असूनही जमीन शेतकऱ्याच्या हातची जाते.

या विषयावर मी अडीच मिनिटांचे पॅकेज, म्हणजे निवेदनासह जोडलेली पूर्ण चित्रबातमी, तयार करून पाठवले. त्यात शेतकऱ्यांचे बाईट (कॅमेऱ्यासमोरचे बोलणे) होते, पंचनाम्याचे कागद होते, पडीक शेतांचे शॉट होते आणि बांधावर उभे राहून केलेले पीटूसी, म्हणजे मी स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून केलेले निवेदन होते. डेस्कने ते परत पाठवले. बोलणारे चेहरे आणि मोकळी जमीन यांपलीकडे त्यात काहीच दिसत नाही, असे कळवण्यात आले, आणि पुन्हा पाहिल्यावर ते म्हणणे मलाही पटले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले किंवा जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणला पूर आला, तेव्हा कॅमेरा जिकडे वळवावा तिकडे बातमी होती. येथे मात्र नुकसान इतके संथ गतीने होते की कॅमेऱ्यासमोर काही घडतच नाही.

अशा विषयात नेमके काय चित्रित करावे, मजकूर आणि चित्र यांची सांगड कशी घालावी, आणि वार्ताहराने स्वतः चौकटीत केव्हा यावे? कॅमेरामन मला एका दिवसापुरताच मिळेल. एरवी मोबाईल आणि ट्रायपॉडवरच काम भागवावे लागते.

मांडवा_कॅमेरा

ताई, आपला विषय कॅमेऱ्यासाठी मुळीच वांझ नाही. आपण पोहोचलात त्या वेळी तेथे काही घडत नव्हते, इतकेच. खाडीकाठी दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. आपल्या बातमीतील मुख्य पात्र हे पाणी आहे. ते नसताना चित्रण केले तर पडद्यावर मोकळी जमीनच येणार.

म्हणून पहिले काम म्हणजे दिवस आणि वेळ निवडणे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत पाणी बांधापाशी जेमतेम पोहोचते. तेव्हा जाण्यात अर्थ नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावर एक-दोन दिवसांनी उधाण भरात असते, तो दिवस धरा. आपल्याकडची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात आणि तो हिशेब ढोबळमानाने बरोबर येतो: द्वितीयेला दीडच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. धरमतर खाडीत आत जावे तशी वेळ थोडी पुढे सरकते, तेवढी मोकळीक ठेवा. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात साडेचार मीटरच्या वरची भरती दिसली, तर तो दिवस सहसा हातचा जाऊ देऊ नये. या हिशेबात आपला आणखी एक फायदा आहे. सकाळच्या कोवळ्या, तिरप्या उन्हात ओहोटी मिळते. तेव्हा मातीवरच्या भेगा, मिठाचा पांढरा थर आणि खेकड्यांची बिळे स्पष्ट उठून दिसतात. दुपारी ऊन डोक्यावर आले की तीच जमीन कॅमेऱ्यात सपाट, निर्जीव दिसते, पण तोपर्यंत पाणी आलेले असते.

आता मुख्य शॉट सांगतो. खांड पडलेल्या जागेसमोर, पाण्याच्या पोहोचेबाहेर ट्रायपॉड रोवा आणि चौकटीत एखादी स्थिर खूण घ्या: जुनी खुंटी, उघाडीची दगडी भिंत, कुंपणाचा खांब. सकाळी ओहोटीला दहा-पंधरा सेकंद चित्रित करा. नंतर ट्रायपॉड हलवू नका. हलवणे भागच असेल तर त्याच्या तिन्ही पायांच्या जागी दगड ठेवा आणि लेन्सची उंची लिहून ठेवा. त्यानंतर दर तासाला त्याच चौकटीत तेवढाच शॉट घ्या. भरतीच्या वेळी तीच खुंटी पाण्यात अर्धी बुडालेली असेल. हे दोन शॉट एकमेकांत विरघळवले की बांध फुटल्याने काय होते, हे सांगायला एकही शब्द लागणार नाही. यासाठी मोबाईल पुरेसा आहे. फक्त एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर ढग सरकला की चित्राचा उजेड बदलेल आणि जोड उघडा पडेल.

दुसरी गोष्ट सिक्वेन्सची. पडीक शेताचे दहा वाईड शॉट घेऊन काहीच सांगितले जात नाही. एक माणूस आणि त्याचे एक काम घ्या. शेतकरी सकाळी बांधावरून चालत जातो, खांडीपाशी वाकतो, चिखलाचा गोळा उचलतो आणि भगदाडात थापतो, एवढेच काम धरू. चिखलात रुतणाऱ्या हातांचा क्लोजअप घ्या, मग चेहरा, मग माणूस आणि खाडी दोन्ही एका चौकटीत येतील असा वाईड, आणि त्याच्या खांद्यामागून, म्हणजे त्याला जे दिसते ते. पाचवा शॉट जागा पाहून ठरवा. मी असतो तर पाण्याच्या पातळीशी कॅमेरा नेला असता, कारण बांधाची उंची आणि पाण्याची उंची यांतला फरक किती थोडा आहे हे वरून कधीच कळत नाही. हे पाच शॉट हातात असले की संकलकाला वेळ आटोक्यात आणता येतो. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरा. पॅन आणि झूम यांचा मोह टाळा. कॅमेरा हलला की प्रेक्षक पाण्याची हालचाल पाहत नाही, कॅमेऱ्याची पाहतो. खाडी एकदा चौकटीच्या उजवीकडे ठेवली की त्या प्रसंगात ती उजवीकडेच राहू द्या, म्हणजे पाणी कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला येते याबद्दल पाहणाऱ्याचा गोंधळ होणार नाही.

आवाजाकडे आपण लक्ष दिले नसावे, असे वाटते. खांडीतून पाणी आत घुसताना होणारा खळखळाट, चिखल थापल्याचा आवाज, फावड्याचा आवाज हे वेगळे ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक जागी काही न बोलता अर्धा मिनिट नुसता परिसराचा आवाज घ्या. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि माईकवरचा साधा फोम त्याला पुरत नाही. केसाळ आवरण लावा, आणि बाईट शक्यतो सकाळीच उरकून घ्या. पावसाळी हवेत वातानुकूलित गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते; पोहोचण्याच्या बऱ्याच आधी गाडीच्या काचा उघडा.

संकलन_टेबल

मांडव्याच्या मित्रांनी चित्रीकरणाची बाजू सविस्तर मांडली आहे. मी मुंबईत संकलन करतो, तेव्हा टेबलावर काय अडते ते सांगतो.

वृत्तपत्रातून आलेले वार्ताहर बहुधा आधी पूर्ण मजकूर लिहितात आणि मग त्यावर चित्रे पसरवतात. त्यामुळे निवेदनात ‘शेतजमीन नापीक झाली आहे’ असे वाक्य आणि पडद्यावर नापीक शेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, आणि ज्या गोष्टी चित्रात दिसूच शकत नाहीत त्यांच्यासाठी वेळ उरत नाही. क्रम उलटा करून पाहावा. आधी रशेस (चित्रित केलेले सगळे कच्चे शॉट) पाहा, कोणते शॉट स्वतःच बोलतात ते ठरवा, त्यांना जोडून लावा आणि जेथे प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो तेथेच वाक्य लिहा. पाणी खांडीतून आत येताना दिसत आहे. तेव्हा पाणी येत आहे असे सांगू नका. ही खांड कधीपासून आहे, बांधाची जबाबदारी कोणाची, दुरुस्तीचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर पडून आहे, हे सांगा. निवेदनाचा वेग सेकंदाला सुमारे दोन शब्द धरला, तर अडीच मिनिटांतून बाईट आणि नैसर्गिक आवाज वजा जाता आपल्या वाट्याला दीडशे-पावणेदोनशे शब्द येतात. वृत्तपत्राच्या एका लहान परिच्छेदाएवढीच ही जागा आहे, आणि ती काटेकोरपणे वापरावी लागते.

बाईटबद्दलही तेच. जे माहितीचे आहे ते आपण सांगावे. जे फक्त त्या माणसालाच सांगता येईल ते त्याला सांगू द्यावे. शेतकऱ्याने हेक्टर आणि रक्कम सांगण्यात बाईट खर्ची घालू नये. या शेतात शेवटचे भात कोणत्या वर्षी काढले आणि त्या वर्षी घरात काय ठरले, हे त्याच्या तोंडून आले की दहा-बारा सेकंद पुरतात.

पंचनाम्याचे कागद पडद्यावर कोणी वाचत नाही. कागदच दाखवायचा असेल तर एक ओळ आणि त्यावर फिरणारे बोट, एवढेच घ्या. त्यापेक्षा मोजमाप होताना दाखवणे केव्हाही चांगले. मातीच्या द्रावणाची विद्युत वाहकता प्रति मीटर ४ डेसिसायमनच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त मानली जाते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातील किंवा कृषी विभागातील जाणकारांना विनंती करून चांगल्या शेतातील आणि खांडीजवळच्या शेतातील माती त्यांच्याकडून मोजून घ्या आणि यंत्रावर आकडा स्थिर होईपर्यंतचा शॉट न तोडता दाखवा. तो आकडा ग्राफिकमधील दहा आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो, कारण तो प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत आलेला असतो.

वर्षानुवर्षे झालेल्या बदलासाठी उपग्रहचित्रांचा उपयोग करा. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रे पाहता येतात. एकाच शेताची दोन चित्रे शेजारी ठेवली की भाताच्या खाचरांच्या चौकोनी रेषा पुसट होत जाऊन त्यांवर तिवरांचा गडद हिरवा रंग चढलेला दिसतो. चित्रावर वर्ष आणि स्रोत ठळक लिहा. वाहिनीच्या संग्रहातील जुने उधाण वापरायचे झाले तर त्यावर तारीख टाकलीच पाहिजे. नैसर्गिक आपत्तीच्या दृश्यांवर तारीख आणि वेळ दाखवावी, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२४ मध्ये खासगी वाहिन्यांना कळवलेले आहे. पण तसे कळवले नसते तरी जुने पाणी आजचे म्हणून दाखवणे ही प्रेक्षकाची फसवणूकच ठरली असती.

आता पीटूसी. बांधावर उभे राहून ‘माझ्या मागे आपण पाहू शकता’ असे म्हणण्याने काही साधत नाही. वार्ताहराने चौकटीत तेव्हाच यावे, जेव्हा त्याच्या शरीरामुळे काहीतरी समजणार असेल. आपण बांधाच्या माथ्यावर चालत या: एका बाजूला खाडीचे पाणी, दुसऱ्या बाजूला त्याहून खालच्या पातळीवरचे शेत. एका हाताने पाणी, दुसऱ्या हाताने शेत दाखवले की पातळीतला फरक कळेल. हे दोन वाक्यांत आटपावे. पॅकेजच्या शेवटी पीटूसी ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मी ते मध्यभागी, बांधाचे काम समजावण्याच्या जागी लावले असते.

पेण_वार्ताहर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. येत्या अमावास्येनंतरच्या द्वितीयेला कॅमेरामन मागितला आहे. दोन शंका उरल्या आहेत. डेस्कवरील एका ज्येष्ठांनी सुचवले आहे की भरतीच्या वेळी उघाडीची झडप कोणाकडून तरी वर उचलून घ्यावी, म्हणजे पाणी जोरात आत येताना भरगच्च दृश्य मिळेल. मला हे रुचत नाही, पण नकाराचे कारण मुद्देसूद मांडता यावे असे वाटते. दुसरे असे की ड्रोनशिवाय ही बातमी अपुरी दिसेल का?

संकलन_टेबल

झडप उचलायला लावणे म्हणजे आपणच घटना घडवणे. बातमीत दिसणारे पाणी नादुरुस्तीमुळे आलेले आहे, असा आपला दावा असणार. ते पाणी आपण आणलेले असेल तर दावाच खोटा ठरतो. मांडव्याच्या मित्रांनी सांगितलेल्या सिक्वेन्ससाठी शेतकऱ्याला पुन्हा एकदा बांधावरून चालत यायला सांगणे पुष्कळ जण गैर मानत नाहीत. माझे मत त्याहून कडक आहे: चालणे पुन्हा करून घेतले तर चालेल, पण खांड बुजवणे, रडणे, भांडणे, मोजमाप, म्हणजे ज्याला बातमीत पुराव्याचे मोल आहे, ते पुन्हा करून घेऊ नये. तो शॉट हुकला तर हुकला.

मांडवा_कॅमेरा

पुराव्याबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. म्हणूनच अशा कामात मी एका माणसाचे पुन्हा पुन्हा होणारे काम निवडायला सांगतो. तो चिखलाचे गोळे अनेकदा थापणार असतो. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची जागा बदलली की त्याला काही न सांगता पाचही शॉट मिळतात.

ड्रोनबद्दल: तिवरांनी व्यापलेली खाचरे वरून दाखवण्यासाठी त्याचा एक शॉट उपयोगी पडेल, त्याहून अधिक नाही. वरून पाहिले की खाडीकाठ सुंदर दिसू लागतो, आणि या बातमीत ते सौंदर्य आडवे येते. वापरायचाच असेल तर ड्रोन नियम, २०२१ नुसार नोंदणी झालेले यंत्र आणि जाणकार चालक घ्या, आणि उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या पट्ट्यात आहे का ते तपासा. उरण-पनवेलच्या बाजूला नवी मुंबई विमानतळामुळे जागोजागी मर्यादा आहेत. पेणची जागाही गृहीत धरू नये.

खारेपाटकर

मी याच भागातला, शिक्षक आहे, आणि घरची शेती खारबंदिस्तीच्या आत आहे. माध्यमांतल्या मंडळींनी चित्रीकरणाबद्दल लिहिले आहे. मी चौकटीच्या आतल्या माणसांच्या बाजूने लिहितो.

उघाडीच्या प्रश्नावर आपल्या ज्येष्ठांना एवढेच सांगा. भरतीच्या दाबाने झडप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी रेटा देऊ लागले की उघडते. शेत वाचते ते या मिटण्यावर. भरतीला झडप उचलून धरली तर दृश्यासाठी आत घेतलेले ते खारे पाणी कोणाच्या तरी खाचरात जाऊन बसेल, आणि त्या जमिनीतील क्षार धुऊन काढायला पुढचा पावसाळा खर्ची पडेल. कोणाच्या शेताची ही किंमत आपण मोजायला लावणार, हा प्रश्न त्यांना विचारा.

दुसरे सांगणे असे की आमच्या माणसांना केवळ कपाळाला हात लावून बसलेली दाखवू नका. वाहिनीचे लोक आले की शेतकऱ्याला पडीक जमिनीत उकिडवे बसवतात आणि दूर बघायला सांगतात. प्रत्यक्षात येथील माणूस बसून राहत नाही. गावकरी अंगमेहनतीने खांडी बुजवतात, निवेदने देतात, कार्यालयांत खेटे घालतात. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतीविरुद्ध संप केला आणि जमिनी कसल्या नाहीत. त्या मुलखातली माणसे आहेत ही. त्यांना कामात आणि बोलण्यात दाखवा, आणि त्यांचे बोलणे त्यांच्या आगरी बोलीतच राहू द्या; शहरातल्या प्रेक्षकाला अडचण वाटत असेल तर खाली मजकूर द्या, पण त्यांना प्रमाण भाषेत पुन्हा बोलायला लावू नका. पुन्हा बोलताना त्यातला जीव जातो.

बायकांना विसरू नका. लावणी आणि कापणी त्यांच्याच हातची आहे, आणि जमीन गेल्यावर मजुरीसाठी घराबाहेर पडण्याची वेळ बहुतेक घरांत आधी त्यांच्यावर आली. तरीही बाईट घेताना माईक घरातल्या पुरुषाकडेच वळतो.

एक दृश्य सुचवतो. आमच्याकडची वडीलधारी माणसे खाचरातले पाणी बोटाने जिभेला लावून खारटपणा ओळखतात. ओंजळ, बोट, चेहरा, आणि त्यानंतर ते पाणी टाकून देणे, हे सगळे काही क्षणांत होते. वर सांगितलेल्या यंत्रावरच्या आकड्याशेजारी ते ठेवले, तर शास्त्र आणि अनुभव एकच गोष्ट सांगत असल्याचे दिसेल. मात्र कोणाला तसे करायला सांगू नका. सकाळपासून सोबत राहिलात तर ते आपोआप घडेल, आणि तेव्हा कॅमेरा हातात असावा.

बातमी दाखवली गेली की तिची एक प्रत आणि शक्य असल्यास खांडीच्या त्या स्थिर चौकटीचे मूळ चित्रण, तारीख आणि वेळ दिसेल असे, गावात द्या. पंचनाम्याला अधिकारी येतात तेव्हा बहुधा ओहोटी असते आणि शेत कोरडे दिसते. भरतीला तेथे कुठवर पाणी होते, हे सांगताना गावकऱ्यांच्या हाती निदान एवढे चित्रण असेल.